बापाची ओळ

आमच्या चर्चमध्ये आता पडद्यावर शब्द येतात आणि पोरं कीबोर्डवर नव्या वळणाची गाणी म्हणतात. चांगली म्हणतात, उगाच नावं कशाला ठेवू. मी शेवटच्या बाकावर बसतो आणि घरी येऊन कुरकुर करतो, तीही भिंतीपाशी, कारण घरात दुसरं कोणी नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आता मलाही धड सांगता येत नाही. नोकरी होती तोवर मिहानपर्यंतच्या बसमध्ये चार माणसं भेटायची. आता हुडकेश्वरच्या या फ्लॅटमध्ये दूधवाल्याशी जेवढं बोलतो, तेवढंच त्या दिवसाचं बोलणं. एकटं वाटतं, यात लपवण्यासारखं काय आहे?

या उन्हाळ्यात मनात आलं, गावाकडचं ते जुनं भजन गिटारवर वाजवून फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवावं. ते कुठे छापलेलं नाही. गावातल्या आमच्या मूठभर ख्रिस्ती घरांनी ढोलकी-झांजेवर म्हटलं, तेवढंच ते जगलं. मी गेलो की तेही जाणार.

रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कूलर बंद. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद करणारा एक तर येडा असतो, नाहीतर कलाकार. मी घामानं निथळत सगळं भजन वाजवलं आणि ऐकलं. सूर बरोबर होते, ताल बरोबर होता, आणि तरी ते बिनमिठाच्या वरणासारखं लागलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. वैतागून गिटार पलंगावर टाकली आणि कूलर लावला.

शेवटी गिटार पाठीला अडकवून इतवारीच्या हातगाड्यांमधून वाट काढत आत्याकडे गेलो. ती वडिलांची धाकटी बहीण. ते भजन येणारे आता आम्ही दोघंच. तिला हल्ली माणसं पटकन ओळखू येत नाहीत. दारात मला पाहून तिचा चेहरा एकदम उजळला, मग म्हणाली, "तू हाय होय. मले वाटलं, दादा आला."

तिला समोर बसवून मी भजन वाजवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे त आपलं झालं. तुह्या बापाचं कुठी हाय?"

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या मंडळीत बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून वडील पुढे उभे राहून आधी एकट्यानं एक ओळ टाकायचे आणि मग सगळे ती झेलायचे. पण झेलताना चाल तीच नसायची. वडील ओळ वर नेऊन तिथंच लटकत सोडायचे आणि मंडळी तिला हळूहळू खाली आणायची. मी जन्मभर मंडळीत बसलो. मला आली ती फक्त खाली आणायची चाल, आणि तेच अख्खं भजन, असं समजून मी वाजवत बसलो होतो.

"आत्या, त्यांची ओळ तुले येते का वं?"

तिनं तोंड उघडलं. निघाली ती आमचीच चाल. थांबली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच. "मी त सारी उमर झेललंच," ती म्हणाली. "टाकणारा तो होता."

मला फार वाईट वाटलं. वडिलांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते आणखी थोडे गेले, असं वाटलं. तरी म्हटलं, असेल ते तर राहू दे. तिच्या खोलीतला कूलर बंद केला, फोन खिडकीत उभा केला आणि तिला सांगितलं, वडिलांच्या ओळीची जागा मी रिकामी सोडतो, तू आपलं म्हण. गिटारची तार छेडली आणि थांबलो. ती पुढे वाकून, मान तिरकी करून ऐकत राहिली. जागा सरली तरी तिचा आवाज निघेना.

"म्हण ना, आत्या."

"कोणी टाकल्याबिगर कशी झेलू गा?"

वर्षानुवर्षं मी कोणाच्या पुढे होऊन गायलो नाही. शब्द माहीत होते. चाल सुचेल तशी धरली, आवाज वर न्यायला गेलो आणि तो मधेच फाटला. लाजून मी थांबणार, तेवढ्यात तिनं ती ओळ झेलली आणि अगदी सावकाश, न चुकता खाली आणून ठेवली.

मग डोळे पुसून म्हणाली, "हे त्याचं नाही."

"माहीत हाय मले."

"पुढची टाक."