आरसा धरणारी

"बायकोचा फोटो आणलाय?" चौकीतल्या हवालदाराने विचारलं. भिंतवाल्याने खिशात हात घातला आणि तो हात खिशातच राहिला.

हवालदार त्याला चांगला ओळखत होता. खांद्याला कॅमेरा अडकवून भिंतींना नाक लावत हिंडणारा हा माणूस कुणाला ठाऊक नव्हता? लहानथोर सगळे त्याला भिंतवालेच म्हणत.

"कमाल झाली," हवालदार म्हणाला. "कोपऱ्यावरचा न्हावी बिनफोटोचा आला असता तर समजलं असतं. तुम्ही यावं असं?"

"घरी आहेत. ढीग आहे घरी."

"मग ढिगातला एक आणा. चेहरा नीट दिसणारा. अलीकडचा."

ढीग होता, त्यात खोटं काही नव्हतं. पलंगाखाली खोकी, कपाटावर खोकी, पाहुणा आला तर त्याला खोक्यांवरच बसवायची पाळी. भिंतवाला घराकडे निघाला खरा, पण त्याच्या पायांना आधीच कळून चुकलं होतं. ते उचलेनात.

आता हा माणूस मुळात कसा होता ते सांगायला हवं. नोकरी पाण्याच्या खात्यात, घरोघरचे मीटर वाचायची. मीटर कधी दर्शनी जागेत नसतो. तो जिन्याखाली, संडासामागे, मोडक्या सायकलींच्या आड. त्यामुळे गावाची पुढची बाजू याला बेताचीच माहीत, मागची मात्र खडान्‌खडा. असाच एका जिन्याखाली वाकला असताना त्याला पायरीच्या पोटाला कोरलेली अक्षरं दिसली. कधीकाळी पाडलेल्या वेशीचा दगड कुणीतरी आणून उलटा बसवला होता. मीटर राहिला बाजूला, गडी तिथेच मांडी घालून बसला.

त्या दिवशी जे खूळ डोक्यात शिरलं ते उतरलंच नाही. जुना कॅमेरा आला. न्हाणीघराच्या दाराला काळा पडदा लागला आणि घरातल्या माणसांनी अंघोळ कधी करायची ते फोटोचे रोल ठरवायला लागले. रोज कामावर जाण्याआधी एक फेरी, आल्यावर एक फेरी. रजा मिळाली की प्रवास. इतर जोडपी समुद्र बघायला जात. हा बायकोला घेऊन जायचा पडक्या जकातनाक्याची भिंत दाखवायला.

बायको तक्रार करत नसे असं नाही. "समुद्र तरी हलतो," ती म्हणायची. "तुमची भिंत मेली हलायचं नाव घेत नाही." पण जायची. तिच्यावाचून त्याचं काम अडायचं.

कारण असं, की झिजलेल्या अक्षरांवर समोरून उजेड पडला तर ती सपाट होतात, दिसेनाशी होतात. उजेड कडेने, दगडाला अगदी घासून जायला लागतो. मग खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून बसतं. त्यासाठी घरातला हातभर लांबीचा आरसा त्याने भिंतीवरून उतरवला. तो धरायची बायको. चौकटीच्या बाहेर उभी राहून ती आरशात ऊन पकडायची आणि दगडावर सोडायची. हा कॅमेऱ्याला डोळा लावून ओरडायचा, "जरा खाली. आता डावीकडे. तुझी सावली येतेय, बाजूला हो. अजून. अजून बाजूला."

चौकटीत माणूस आलेला त्याला खपत नसे. कुणी आडवं गेलं तर रस्ता मोकळा होईपर्यंत हा डोळा न काढता उभा. "माणसांचं काय," म्हणायचा, "एक गेला की दुसरा येतो. हा दगड गेला तर परत यायचा नाही."

आणखी एक खोड. फोटो काढून झाला की तसं सांगायचं भान त्याला नसे. तो आपला पुढच्या भिंतीकडे निघून जायचा आणि ही मागे आरसा धरून उभी. "अहो, झालं म्हणा की!" ती ओरडायची. "हात गळून पडतील माझे!" मग हा लांबूनच, मान न वळवता, "झालं, झालं." ती दोन शिव्या घालून आरसा काखेत मारायची.

एकुलत्या एका लेकीच्या लग्नात सुद्धा बाहेरचा फोटोवाला त्याने येऊ दिला नाही. नवरानवरीला जुन्या कमानीखाली उभं केलं. कमानीखाली अंधार. मग उजेड कुणी टाकायचा? नवरीची आई नव्या कपड्यांत, केसांत फूल माळून, गटाराच्या काठावर आरसा धरून उभी राहिली. व्याही विचारत राहिले, "विहीणबाई कुठायत?"

त्याचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे पुराचा दगड. नदीकाठच्या धोबिणीच्या अंगणात ती ज्या फरशीवर कपडे आपटायची, तिच्या कडेला अर्धीमुर्धी अक्षरं होती. त्या अक्षरांचा फोटो काढून ठेवला. पुढे कितीतरी काळाने बेकरीच्या भट्टीमागच्या भिंतीत दुसरा एक तुकडा सापडला. एके सकाळी बायको केर काढताना घरात जमिनीवर वाळत टाकलेले फोटो गोळा करत होती. तिने दोन फोटो शेजारी ठेवले आणि म्हणाली, "अहो, ही चीर बघा. एकाच दगडाचे दोन तुकडे आहेत हे."

जोडून वाचलं तर ओळ पुरी झाली. पाणी इथवर चढलं होतं, खालची आळी वाहून गेली, उरलेल्यांनी हा दगड लावला. आळीत वाहून गेलेल्यांची नावं मात्र बेकरीच्या चुन्याखाली गेली होती. वर्तमानपत्रात ही बातमी आली, सोबत भिंतवाल्याचा फोटो. वर्तमानपत्राचा माणूस म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला होता का?" ती लगेच झाली. तिला सवयच होती.

मग हळूहळू तिचं बिनसायला लागलं. दूध उतू जायचं आणि ती शेजारी उभी राहून बघत राहायची. भाजीवालीला पैसे देऊन भाजी तिथेच ठेवून यायची. एकदा लेकीला म्हणाली, "तुम्ही कुणाकडच्या?" लेकीने बापाला बाजूला घेतलं.

"बाबा, आईला डॉक्टरकडे न्या."

"काही झालेलं नाही तिला. वय झालं की होतं थोडं."

"मला ओळखलं नाही तिने!"

"अगं, काल आम्ही टेकडीवरच्या पडक्या चौकीला गेलो होतो. असा आरसा धरला, असा धरला, उजेड तसूभर हलला नाही. डोकं फिरलेल्या माणसाचा हात इतका स्थिर राहील?"

हीच त्याची चूक. डॉक्टर नाडी बघतो, हा उजेड बघत होता. आणि उजेड खरंच हलत नव्हता. बाकी सगळं तिच्या हातून निसटत चाललं होतं, तेवढं एक टिकून होतं. म्हणून याने दुसरीकडे बघितलंच नाही.

ती नाहीशी झाली त्या सकाळी तो फोटोचा कागद आणायला बाजारात गेला. आला तर दार उघडं. चुलीवर रिकामं भांडं तापून काळं पडलेलं. चपला जागेवर. भिंतीकडे नजर गेली तर खिळा मोकळा. आरसा नव्हता.

लेक आणि तो, दोघांनी मिळून खोकी उपसली. लेक एकेक फोटो उचलायची, उजेडात धरायची, टाकायची. पायऱ्या. कोनाडे. कमानी. तोफेच्या गोळ्याने पडलेलं भगदाड. एका फोटोत कडेला कोपर सापडलं. एकात दगडावर पडलेली सावली, डोक्याची की आरशाची ते सांगता येईना. एकात टाच, भेगा पडलेली.

"ही आई?" लेकीने विचारलं.

"हो. हा फोटो बिघडला होता. टाकायचा राहिला."

 लेक उठली आणि हातातला गठ्ठा तिने त्याच्या अंगावर भिरकावला. "पुऱ्या गावाचे दगडधोंडे आहेत इथे. माझ्या आईचं तोंड नाही. काय लावू मी चौकात? हे कोपर लावू?"

त्याने खाली पडलेला एक फोटो उचलला. कुठल्याशा दगडावर उजेडाची तिरपी पट्टी. "ही बघ," तो चाचरत म्हणाला, "ही तिनेच टाकलेली..."

"ते ऊन आहे, बाबा."

शेवटी जुन्या ओळखपत्रावरचा एक फोटो निघाला. लग्नाच्याही आधीचा, दोन वेण्या घातलेला, बोटाच्या पेराएवढा. हवालदाराने तो जवळ धरला, लांब धरला.

"ही तुमची बायको का नात?"

कुणी हसलं नाही. हवालदारालाच वाईट वाटलं, त्याने पाणी मागवलं. त्याच फोटोवरून मोठे कागद छापले, खांबाखांबावर लागले. येणारेजाणारे थांबून बघायचे आणि हळहळायचे. कुणाची बिचारी तरणीताठी पोर पळाली. वेणीवाली मुलगी बघितल्याचे निरोप चौकीत आले. म्हातारीचा एकही आला नाही.

मग भिंतवाला स्वतः निघाला. कॅमेरा घेतला नाही. ज्या ज्या दगडापाशी तिला उभं केलं होतं ते सगळे दगड पालथे घालायचे, एवढंच त्याच्या डोक्यात. वेशीची पायरी, जकातनाका, टेकडीवरची चौकी. प्रत्येक ठिकाणी विचारायचा, "इथे एक बाई आली होती का?"

"कशी दिसते?"

तिथे गाडी अडायची. पायरीवरचा टवका कुठल्या अंगाला आहे ते तो डोळे मिटून सांगू शकत होता. बायकोच्या नाकाबद्दल काय सांगायचं? नाकासारखं नाक. अंगावर काय होतं? निळं असेल, करडं असेल. कुठल्या हातावर तीळ आहे, तीळ आहे तरी का? संसार केला होता त्याने तिच्याशी, लेक झाली, नातू झाला. "आरसा असेल हातात," एवढंच तो सांगायचा. लोक मान हलवून कामाला लागायचे.

शेवटी तो नदीकाठी, धोबिणीच्या अंगणात पोचला. धोबीण चादर पिळत होती. त्याला बघताच तिने चादर बादलीत टाकली.

"अहो भिंतवाले! तुम्ही आत्ता येताय होय? तुमच्या घरच्या बाई आल्या होत्या की इथे."

"कधी?"

"त्या शनिवारी. बाजार होता बघा. अनवाणीच आल्या. मी म्हटलं बसा, चहा टाकते. तर नको म्हणाल्या, यांचं काम चाललंय. आणि त्या तिथे, दोरीच्या खुंटाला लागून उभ्या राहिल्या, आरसा धरून. उन्हाचा कवडसा बरोबर फरशीवर. मला वाटलं तुम्ही असाल आसपास, येताय मागून."

"मग?"

"मग काय, राहिल्या उभ्या. ऊन डोक्यावर आलं तरी उभ्या. हात थरथरायला लागले बिचारीचे. मधूनच म्हणायच्या, अहो, झालं म्हणा की. मी म्हटलं, बाई, इथे कुणी नाही. तर मलाच म्हणाल्या, गप्प, त्यांना बोललेलं चालत नाही."

भिंतवाला खुंटाकडे बघत होता.

"तेवढ्यात हॉटेलची गाडी आली, चादरी न्यायला. ड्रायव्हर ती मागे घेत होता. ओरडला, बाजूला व्हा बाई. झाल्या. त्याला अजून जागा हवी होती. म्हणाला, अजून, अजून बाजूला. त्या आपल्या सरकत गेल्या, सरकत गेल्या, पार त्या बोळाच्या तोंडापर्यंत. मी गाठोडी चढवत होते. वळून बघितलं तर नव्हत्या. बोळातून मोठा रस्ता लागतो ना पुढे."

"त्याने थांबा म्हटलं नाही?"

"कोण म्हणणार थांबा? गाडी लागली, तो उतरला." धोबिणीने पदराला हात पुसले. "आरसा राहिला बघा. भिंतीला टेकवून गेल्या. मी म्हटलं, येतीलच न्यायला. चौकातला कागद बघितला मी, पण ती तर कुणी पोरगी होती. मला काय माहीत?"

तिने आरसा आणून दिला. पाठ उखडलेली, कडेला बोटं धरून धरून पारा उडालेला. भिंतवाला तो घेऊन खुंटापाशी गेला आणि ती उभी राहायची तिथे उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच. तिथून फरशीवरची अक्षरं दिसत नव्हती. कुठलाच दगड धड दिसत नव्हता, आरशातलं ऊन डोळ्यांत जात होतं. दिसत होती फक्त समोरची मोकळी जागा, जिथे तो कॅमेरा घेऊन वाकायचा. म्हणजे इतकी वर्षं तिने बघितली ती त्याची पाठ.

त्याने आरसा वर धरला. उजेड फरशीवर नेऊन ठेवायला गेला, पण तो ठरेना. भिंतीवर गेला, बादलीवर गेला, धोबिणीच्या तोंडावर गेला. तिने डोळ्यांवर हात घेतला.

"झालं," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, बोळाकडे तोंड करून, "झालं गं!"

बोळातून कुणाची तरी सायकल आली आणि गेली.

 धोबिणीचाही जीव हलला होता, पण दुपार कलत होती आणि कपडे ओले होते. तिने चादर खांद्यावर टाकली, दोरीपाशी आली.

"भिंतवाले," ती हळूच म्हणाली, "जरा बाजूला होता का?"

तो झाला.