होडीतलं मचाण

माझे वडील झरीच्या जंगलात नाकेदार होते. सारं आयुष्य जंगल राखण्यात गेलेलं, त्यामुळे जनावर कसं बघावं हे आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत. साठ सालानंतर मला रत्नागिरीला शाळेत नोकरी लागली. इथल्या समुद्रात गादा, म्हणजे डॉल्फिन असतो, तो मासा नव्हे, वर येऊन श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, असं मी पत्रात लिहिलं आणि फसले. पेन्शनीत निघताच ते दोन दिवसांचा प्रवास करून दारात हजर. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात उतरू लागलेला.

"नजर हाय तवर एक डाव पाहू दे बाई," म्हणाले.

शिडाची होडी ठरवली. निघण्याआधीच माझं डोकं फिरलं. "बांगड्या काढ, वाजतात. भडक लुगडं नको, मातकट नेस." होडीवाल्याला विडी विझवायला लावली, का तर जनावराला वास जातो. वर त्याला हुकूम, वारा तोंडावर घेऊन चाल. शिडाची होडी! तो बिचारा एकदा शिडाकडे बघे, एकदा माझ्याकडे.

खाडीच्या तोंडाशी तर कहरच झाला. "खाली बस. मान वर काढू नको." मचाणावर दबून बसावं तसे आम्ही दोघं होडीच्या तळात. दोन तास माझ्या वाट्याला फळ्या आणि मासळीचा वास, एवढाच समुद्र.

"आजोबा, उभे ऱ्हावा. गादे माणसाला भीत नाहीत," होडीवाला सांगून थकला. वडिलांनी ओठांवर बोट ठेवून त्यालाच गप्प केलं.

मग तो ओरडला, "गादे! गादे!"

मी न राहवून मान वर काढली. अगदी जवळ एक राखी पाठ वर आली, फुस्सकन श्वास सोडून खाली गेली. मागोमाग पिल्लू. मी वडिलांचा दंड ओढला, तर त्यांनी माझा खांदा दाबून मलाच खाली बसवलं. "हालू नको. जवळ येऊ दे त्याले." त्यांनी मान काढली तेव्हा पाणी सपाट होतं. त्यानंतर एकही आला नाही.

परतताना मी नुसती धुमसत होते. किनाऱ्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुले दिसला का? कसा होता, सांग ना."

"नाही दिसला," मी तोडून टाकलं.

ते वाळूत बसले. "माह्यापायी तुहं बी राह्यलं बाई. मी तं म्हतारा झालो, तुले दिसाले पाह्यजे होता."

खोलीवर येईपर्यंत ते माझी समजूत काढत राहिले, आणि मी काढू दिली.