आडवी छत्री

न्यूरॉलॉजिस्टकडे माझी आणि एका वयस्कर गृहस्थांची पाळी नेहमी मागेपुढे येते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते, हे मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. उजवा हात सतत थरथरतो, पण ते तो लपवत नाहीत, मांडीवर उघडा ठेवतात आणि पोराला गप्प बसवावं तसं त्याला कानडी वळणाच्या मराठीत म्हणतात, "सुम्ने बस रे!"

पार्किन्सन्समध्ये चालताचालता पाय जमिनीला चिकटतात. माझे दवाखान्याच्या दारातच चिकटतात. मग ते आपली छत्री माझ्यापुढे आडवी टाकतात. "विचार नको री साहेब, ओलांडा." समोर ओलांडायला काही असलं की पाय सुटतात.

ऑफिसात मी आजाराचं कुणाला सांगितलेलं नाही. परवा सहकाऱ्यांबरोबर म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या एका हॉटेलात शिरताना दारातच अडकलो. फोन आल्याचं सोंग केलं. आतून ते दवाखान्यातले गृहस्थ कॉफी पिऊन बाहेर येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या माणसांकडे. ओळख दाखवली नाही. हातातून निसटावी तशी छत्री माझ्या पायांपुढे पडू दिली. मी ती ओलांडून सरळ आत गेलो. वाकून ती उचलायला त्यांना किती वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे.

"बिचारे! हात पाहिला का त्यांचा?" सहकारी म्हणाली. "ओळखीचे आहेत?"

"नाही," मी म्हणालो आणि माझा डावा हात खिशात आणखी आत खुपसला.