ओटीतली गोळी

शेजारच्या मुक्ताचं डोहाळजेवण होतं. फुलांचे दागिने घालून ती झोपाळ्यावर बसली होती. ओटी भरून झाल्यावर तिने पर्समधून एक गोळी काढली.

"लोहाची का गं?" तिच्या आत्याने विचारलं.

"नाही आत्या, मन फार खचलं होतं, त्यावरची. डॉक्टरांनी बाळाचा विचार करूनच दिलीय."

बायकांचं डोहाळ्यांचं गाणं थांबलं. मुक्ताच्या सासूबाई उठल्या, पाण्याचा पेला तिच्या हातात देत म्हणाल्या, "आधी दोन घास खा, मग घे."

किती सहज बोलली पोरगी! माझ्या डोहाळजेवणातही मी अशीच फुलांनी मढले होते. सारखे डोळे भरून यायचे. बायका म्हणायच्या, "माहेरची आठवण येतेय हिला." मीही हो म्हणायचे.

माझं माहेर पलीकडच्याच गल्लीत होतं.