बॉनेट खाली पाहिजे

गाडीचं इंजिन बदलायचं ठरवलं तेव्हा मी तरुण आणि बेअक्कल होते. नुकतीच साठी उलटली होती.

आता माझं वय झालंय आणि वयाबरोबर थोडी अक्कलही आली आहे, असं आमच्या घरात धरून चालतात. त्यामुळे त्या साठीतल्या पोरीचे प्रताप सांगायला हरकत नाही. शिवाय आमचे हे आत्ता झोपलेत.

गाडी पांढरी, आठशे सीसीची, तीन सिलिंडरची. गाझियाबादचा आमचा फ्लॅट ह्यांच्या नावावर, गॅस ह्यांच्या नावावर, दारावरची पाटीसुद्धा ह्यांचीच. माझ्या नावावर दोनच गोष्टी: ही गाडी, आणि हिंदी पखवाड्यातली उत्तेजनार्थ बक्षिसं. (केंद्र सरकारच्या नोकरीत दरवर्षी हिंदीतून निबंध लिहायला बसवतात. हिंदीतर भाषकांच्या गटात आम्ही चौघं असायचो. तिघांना नंबर मिळाले की उत्तेजनार्थ माझं ठरलेलं.) त्या जोरावर मी स्वतःला हिंदीची पंडिता समजत असे. ह्यांचं मत वेगळं होतं. "तुझं हिंदी एक दिवस आपल्याला घेऊन बुडणार आहे," असं ते आम्ही दिल्लीला आलो तेव्हापासून म्हणत.

तर, मुलगा मंदार गुरुग्रामला. उंचच उंच सोसायटी, आणि पार्किंग पार तळघरात. तिथून बाहेर यायला एक रॅम्प. ज्यानं तो बांधला त्याला जिना बांधायचा होता आणि मधेच विचार बदलला, असा उभा.

एप्रिलची दुपार. एसी चालू. मी गाडी चालवतेय, शेजारी हे, आणि मागे विहीणबाई, म्हणजे सुनेची आई. पंजाबी बाई, अंगानं ठसठशीत, मनानं मोकळी आणि तोंडानं त्याहून मोकळी. रॅम्पच्या मध्यावर गाडीनं उसासा टाकला.

"बहनजी, एसी बंद कर दो," मागून सल्ला आला.

"ज़रूरत नहीं," मी म्हटलं.

गाडी थांबली.

"बहनजी, मैं उतर जाऊँ?"

आता सांगा. आमच्याकडे विहिणीला जेवताना आग्रह कमी पडला तर ते वर्षभर ऐकावं लागतं. इथे विहिणीला चढावर पायउतार करायची वेळ. "बैठिए, बैठिए," असं मी म्हणतेय तोवर गाडी मागे सरकायला लागली. मागे आमच्या स्वयंपाकघराएवढी एक गाडी होती, तिनं हॉर्न वाजवला. विहीणबाई दार उघडून उतरल्या.

आणि गाडी चढली.

तेवढं तरी त्या मेलीनं करायला नको होतं. वर पोचलो तर विहीणबाई आमच्या आधी चालत येऊन उभ्या, ओढणीनं वारा घेत. शेजारी मंदार, हात पुढे करून.

"यार आई, प्रॅक्टिकल हो ना. किल्ली दे. गाडी थकलीय. आता कॅब आहे, मेट्रो आहे, मी आहे."

ह्यातलं तिसरं वाहन कधीच वेळेवर मिळत नाही, हे मी बोलले नाही. मी म्हटलं, "हीच गाडी, हाच रॅम्प. एसी चालू ठेवून आणि विहीणबाईंना मागे बसवून चढवून दाखवीन. नाही चढली तर किल्ली तुझ्या हातात."

"मंजूर," विहीणबाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

घरी येताना हे म्हणाले, "जरा दम धर."

"गाडीत नाहीये तो," मी म्हटलं, आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला. (तेव्हा मला तो प्रकाश वाटला.)

आमच्या जवळच बिट्टूचं गॅरेज. बिट्टूला 'नाही' हा शब्द येत नसे. "माताजी, आप हुकुम करो. इसमें तो मैं ट्रक का इंजन डाल दूँ." ट्रकचं नको म्हटल्यावर त्यानं एका ठोकलेल्या मोठ्या गाडीचं तेराशे सीसीचं इंजिन शोधून काढलं. चार सिलिंडरचं. त्याच्याबरोबर गिअरबॉक्स त्या गाडीचा, रेडिएटर त्या गाडीचा.

"चढेल," हे म्हणाले, "पण थांबेल का?"

"ब्रेकही मोठे टाकतोय."

"मग जुनं काय राहणार गाडीत?"

"मी आणि तुम्ही."

ह्यावर ते आरटीओच्या मागे लागले. (इंजिन बदलायचं तर तिथली परवानगी लागते. ते काम ह्यांनी आनंदानं केलं. फायलीचा वास आला की ह्यांचे गुडघे दुखायचे थांबतात.)

मग तो फोन आला. मी डाळीला फोडणी देत होते, कुकर शिट्ट्या मारत होता, आणि बिट्टू पलीकडून ओरडत होता, "माताजी, इंजन ऊँचा है. बोनट बैठ नहीं रहा. ऊपर कूबड़ बना दूँ?"

कूबड! त्या साठीतल्या पोरीला स्वतःच्या पाठीत आलेला बाक आरशात दिसू लागला होता. गाडीला कुबड काढलेलं तिला चालणार नव्हतं.

"कूबड बिल्कुल नहीं. बोनट खाली चाहिए."

"खाली?"

"हाँ, खाली. एकदम खाली."

"पूरा?"

"पूरा."

मग बिट्टू आदरानं म्हणाला, "बड़ी शौकीन हो, माताजी."

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "बघा. आपण नीट बोललो की माणसं नीट ऐकतात."

गाडी आणायला दोघंही गेलो. बॉनेट होतं. म्हणजे बॉनेटच्या कडा होत्या. मधलं नव्हतं. आरशाची काच फुटल्यावर चौकट उरते तसं, आणि त्या चौकटीतून ते तेराशे सीसीचं धूड मान वर काढून आमच्याकडे बघत होतं. कापलेला पत्रा बिट्टूनं कडा घासून, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "ये आपका माल."

"बिट्टू, ये क्या किया?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"आपने ही तो बोला, खाली चाहिए. खाली कर दिया. अंदर कुछ नहीं छोड़ा."

तिथे, त्या ऑइलच्या वासात, माझी सगळी उत्तेजनार्थ बक्षिसं एकामागून एक गळून पडली. मला म्हणायचं होतं, बॉनेट खाली बसलं पाहिजे, मिटलं पाहिजे. आणि खाली म्हणजे हिंदीत रिकामं. इतकी वर्षं दिल्लीत राहून, भाजीवाल्यापासून जॉइंट सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांशी हिंदीत भांडून, मी मराठीत फोन केला होता.

मागून ह्यांचा आवाज आला. "हे काय आहे?"

माणसाच्या आयुष्यात खरं बोलायचे काही क्षण येतात. मी तो जाऊ दिला.

"डिझाइन आहे," मी म्हटलं. "मीच सांगितलं होतं. हवा खेळती राहते."

"तू सांगितलंस?"

"माताजी ने खुद बोला," बिट्टूनं साक्ष दिली. बिचारा शब्दशः खरं बोलत होता.

कापलेला पत्रा डिकीत टाकला आणि पुढच्या रविवारी गुरुग्रामला निघालो. वाटेत प्रत्येक सिग्नलला माणसं वाकून आत बघत होती. ह्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. एका स्कूटरवाल्यानं काचेवर टकटक केली. "आंटीजी, आपका ढक्कन गिर गया."

"गिरा नहीं. निकाला है," मी म्हटलं आणि पहिला गिअर टाकला. तो स्कूटरवाला आरशात इतका लहान होत गेला की मला जरा भीती वाटली. थोडीच.

मंदारनं गाडी पाहिली. कपाळाला हात लावला. "आई, हे उघडं का आहे?"

"हवा खेळती राहते."

"आणि पाऊस आला तर?"

"पावसात कोण हिंडतं?"

मी गाडी मुद्दाम तळघरात नेऊन उभी केली. मंदारसाठी आणलेले चकलीचे, लोणच्याचे, मेतकुटाचे डबे अजून डिकीतच होते, ते काढायलाही थांबले नाही. शेजारी मंदार, मागे हे आणि विहीणबाई. विहीणबाईंनी चपलेचा पट्टा घट्ट केला आणि एक हात दाराच्या कडीवर ठेवून बसल्या. हा सरळसरळ टोमणा होता.

"मंदार, एसी मोठा कर," मी म्हटलं, आणि पाय दाबला.

गाडी गर्जली. बॉनेटला मधलं नसल्यामुळे सगळी गर्जना आमच्याच तोंडावर आली. मागच्या वेळी जिथे उसासा टाकला होता ती जागा कधी गेली कळलंच नाही. विहीणबाईंचा हात कडीवरून सुटून ह्यांच्या खांद्यावर गेला. "ओए होए, बहनजी," त्या म्हणाल्या. मी तरुण होते, किल्ली माझी होती, आणि वर उजेड दिसत होता.

उजेडात माळी दिसला. तो रॅम्पच्या तोंडाशी कुंड्यांना पाइपानं पाणी घालत होता. तळघरातून एवढं काय ओरडत येतंय म्हणून तो दचकून वळला. पाइपही वळला. अख्खी धार बॉनेटच्या चौकटीतून इंजिनावर पडली.

फुस्स.

वाफेचा एक ढग आला आणि गाडी बंद पडली. पुढची चाकं वर, मागची अजून उतारावर. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी धरला. मागे हॉर्न सुरू झाले. वाफेतून मंदारचा आवाज आला, "आई, अर्धीच चढलीय. किल्ली."

"पूर्ण चढलीय."

"मागची चाकं रॅम्पवर आहेत, यार."

"गाडी पुढच्या चाकांवर ओळखतात."

इतका वेळ शांत असलेल्या ह्यांचा धीर सुटला. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि धावत येणाऱ्या गार्डांना हुकूम सोडला, "अरे, देखते क्या हो! गाड़ी खाली करो! खाली! जल्दी!"

गार्ड तत्पर होते. एकानं मागचं दार उघडलं. "आइए मैडम." विहीणबाई बाहेर. "आइए सर." हे बाहेर. ह्यांनी काही बोलायच्या आत दुसऱ्यानं डिकी उघडली. चकलीचा डबा हिरवळीवर आला. लोणचं आलं. मेतकूट आलं. स्टेपनी आली, छत्री आली, कागदात गुंडाळलेला तो पत्रा आला. मंदारला त्यांनी हाताला धरून उतरवलं. माझ्या पायाखालची रबरी मॅटसुद्धा ओढत होते. मी हँडब्रेक धरून बसले होते म्हणून वाचले.

मग मोठ्या गार्डनं ह्यांना सलाम ठोकला. "सर, गाड़ी खाली हो गई."

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग हिरवळीवरच्या सामानाकडे बघितलं. मग सावकाश, अगदी सावकाश, त्यांची नजर बॉनेटच्या चौकटीकडे गेली, आणि तिथून माझ्याकडे आली. ते खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "तू त्या बिट्टूला फोनवर नेमकं काय सांगितलं होतंस?"

"जे तुम्ही गार्डांना आत्ता सांगितलंत तेच," मी म्हटलं.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं एकमत आमचं कधीच झालं नव्हतं.

"काय झालं?" मंदारनं विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघंही म्हणालो.

गार्डांनी धक्का देऊन गाडी वर घेतली. मंदार पुन्हा हात पुढे करून आला. "चलो आई, किल्ली. धक्का मारावा लागला."

तेवढ्यात विहीणबाई मध्ये पडल्या. चकलीचा डबा त्यांनी उघडलाही होता. "देख बेटा, शर्त क्या थी? मैं अंदर बैठी रहूँ और गाड़ी चढ़े. मैं अंदर थी. गाड़ी ऊपर आ गई थी. मैं अपने आप तो उतरी नहीं. मुझे तो भाईसाहब ने खाली करवाया." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बहनजी, सूख जाए तो एक चक्कर और लगाना."

किल्ली माझ्या पर्समध्ये गेली. अजून तिथेच आहे.

पावसाळ्याच्या आत बिट्टूनं तो कापलेला पत्रा पुन्हा जोडून बॉनेटवर कुबड बसवलं. आता आम्ही दोघी एकसारख्या दिसतो. ती चढ चढते, मी तिच्यात बसून चढते, आणि 'डिझाइन'चं खरं नाव घरात कुणी काढत नाही, कारण ते काढलं तर दोघांचं निघतं.

मीही सुधारले. हिंदीत बोलताना आता 'नीचे' म्हणते, ठासून. फक्त मंदारच्या सोसायटीत लिफ्ट पकडायची घाई असली की होतं कधी कधी. दार उघडतं, आत कुणीतरी सज्जन उभे असतात, मी विचारते, "खाली?" ते अदबीनं सरकून म्हणतात, "हाँ आंटीजी, खाली है, आ जाइए." आणि लिफ्ट वर जाते, पार शेवटच्या मजल्यापर्यंत. मी तिथे उतरते. कठड्याशी जरा उभी राहते, धुरातलं गुरुग्राम बघते. मला वरच यायचं होतं.