सुभानरावांची पहिली पाळी

आमच्या हरणीच्या सोसायटीत समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारे सुभानराव नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. चौऱ्याण्णव साली शिफ्ट इन्चार्जची एक जागा निघाली, पण मुलाखत इंग्रजीत होणार होती. सतरा वर्षांच्या नोकरीत ही पहिलीच संधी, आणि वयाच्या अटीमुळे शेवटचीही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून पहिली पाळी उरकून साडेचारला ते आमच्याकडे वही घेऊन बसत. त्यांची बायको मंदा जाता-येता टोमणा मारी, "भाकरी मिळेल, पण आधी पाढे म्हणा."

एके दिवशी मी काम थांबवण्याचे वाक्प्रचार घेतले. 'नॉक ऑफ' म्हणजे सुटी होणं, हे कॅन्टीनमध्ये दोस्तांशी बोलायचं, साहेबांपुढे नाही. 'डाउन टूल्स' म्हणजे संपावर जाणं. तो त्यांनी वहीत उतरवलाच नाही. संपात त्यांचे दोन महिने घरी गेले होते. मग 'कॉल इट अ डे' आला. आजच्यापुरतं पुरे, उरलेलं उद्या.

"म्हणजे काम अर्धं असलं तरी चालतं?" त्यांनी विचारलं.

चालतं, मी म्हटलं, उलट तेव्हाच जास्त म्हणतात.

"मग हे तुमच्या ऑफिसवाल्यांचं, वहिनी. आमचा रिअ‍ॅक्टर तापलेला असतो."

रिअ‍ॅक्टर म्हणजे त्यांची ती भली मोठी बंद कढई. तिकडची रीत त्यांनी मला समजावली. तीन वाजले म्हणून कुणी उठत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आला की त्याला बरोबर घेऊन फिरायचं, एकेका वाल्ववर त्याचा हात ठेवून दाखवायचं, त्याची सही घ्यायची, मगच कपडे बदलायचे.

मुलाखतीला बाहेरून आलेले एक साहेब होते. त्यांनी हसत हसत इंग्रजीत विचारलं, तीन वाजलेत, बॅच अर्धी आहे, रिलिव्हरचा पत्ता नाही. तुम्ही 'कॉल इट अ डे' करणार ना? आधीचे दोघे उमेदवार साहेबांना नाही कसं म्हणायचं या विचाराने "येस सर" म्हणून बाहेर पडले होते.

"नो सर," सुभानराव म्हणाले. "रिलिव्हर कम, आय शो वाल्व, ही साइन, देन आय गो."

आणि तो आलाच नाही तर? साहेबांनी विचारलं.

इथे इंग्रजी संपलं. "तो डबल करीश, साहेब," ते कारखान्यात चालणाऱ्या गुजरातीत म्हणाले, म्हणजे मग दुसरी पाळीही मीच करेन.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागा मिळाली होती, मात्र सहा महिन्यांत लेखी इंग्रजी सुधारण्याच्या अटीवर. मंदाने सोसायटीभर पेढे वाटले. साडेचारला बेल वाजली. सुभानराव दारात उभे होते.

"वहिनी, बोलण्याचं झालं," ते म्हणाले. "आता टाकी साठ टक्के भरलीय, हे रजिस्टरात कसं लिहायचं ते सांगा."