खांदेकरी

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे पेटीकाका म्हणत. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची आणि सेवा बेवारस मृतांना मूठमाती देण्याची. हाताखालचा वायरमन थट्टा करायचा, "काका दिवसभर एका पेटीशी झटापट करतात, सुटी मिळाली की दुसऱ्या पेटीला खांदा देतात. एक वर नेते, एक खाली. मधला मजला काही त्यांना ठाऊक नाही." काकाही हसायचे. मधला मजला म्हणजे घर, हे बायकोला मात्र कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

याची सुरुवात झाली ती कामावरच. बंद पडलेल्या एका लिफ्टचं दार काकांनी उचकटलं, तर आत एक म्हातारा गेलेला. चौकशीला कोणी फिरकलं नाही. दफनाच्या वेळी पाळकांनी प्रार्थना म्हटली, पण पेटी उचलायला चौथा माणूस मिळेना. काका पुढे झाले. त्या दिवशी प्रभूने आपल्याला नावानिशी हाक मारली असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं अगदी खरं होतं.

मग शवागारातून फोन आला की काका हातातलं टाकून निघायचे. रजा संपल्या, पगार कापला गेला, त्यांनीच शिकवलेला पोरगा त्यांचा साहेब झाला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. लेकीच्या शाळेतलं नाटक, तिचे वाढदिवस, तिचा तापाचा आठवडा, सगळ्याला ते पोचायचे, पण आवराआवर चालू असताना. बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तर ते त्याच दवाखान्यात होते. तळमजल्यावर, शवागारात.

"तुमची भेट हवी तर मरावंच लागेल मला," बायको म्हणाली.

"त्यांना कोणी नाही गं."

"आम्हाला तरी कोण आहे?"

एकदा उपासनेनंतर पाळकांनी काकांना पुढे बोलावलं. "नोकरी, घर आणि सेवा यांचा तोल कसा सांभाळायचा, ते यांच्याकडून शिका," असं सांगितलं. टाळ्या पडल्या. बायको पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. लेक हात मांडीवर ठेवून बसली होती.

तिचं लग्न ठरलं. एका संध्याकाळी जेवायच्या टेबलावर पाकिटं चिकटवता चिकटवता ती म्हणाली, "पप्पा, मला वेदीपर्यंत मामा नेणार आहे."

"मामा? आणि मी?"

"मी त्याला विचारलं. तो हो म्हणाला."

"मी आलो असतो ना बाळा."

"आला असता, पप्पा. उशिरा."

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती लख्ख शेगडी पुन्हा पुसत होती.

लग्नाच्या सकाळी खरंच फोन आला. वृद्धाश्रमातली एक बाई गेली होती. "काका, आजच हलवायला हवं, आमच्याकडे जागा नाही," शवागाराचा शिपाई म्हणाला.

"आज जमणार नाही," काका म्हणाले. "माझ्या मुलीचं लग्न आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते नाही म्हणाले होते. कोणाला तरी सांगावं म्हणून आत गेले. बायको भावाच्या कोटाला फूल लावत होती.

"मी नाही म्हणून सांगितलं," काका म्हणाले.

"कोणाला?" तिने विचारलं, पण उत्तरासाठी मान वर केली नाही.

देवळात ते नवा सूट घालून पहिल्या बाकावर बसले. ऑर्गन सुरू झाला, सगळे उठले. मामाच्या दंडाला धरून लेक बाजूनं गेली. काका हसले. तिची नजर समोर होती. प्रार्थनेला त्यांनी डोळे मिटले आणि मनात एवढंच आलं, त्या बाईला कोणी उचललं असेल?

दुसऱ्या दिवशी ते विचारायला गेले.

"गाडी घेऊन गेली," शिपाई म्हणाला.

"बरोबर कोण होतं?"

"ड्रायव्हर."

"प्रार्थना?"

शिपायानं रजिस्टर पुढे ओढलं.

दफनभूमीच्या टोकाला ओल्या मातीचा ढिगारा होता. वर क्रूससुद्धा नव्हता. काका तिथे उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, तू मागितलंस ते मी देत गेलो. मग घरी जी दोन माणसं दिली होतीस, ती माझी होती की नाही, एवढं तरी सांगायचंस." उत्तर येण्याइतका वेळ ते थांबले. नंतर त्यांनी त्या बाईसाठी प्रार्थना म्हटली. शब्द पाठ होते, म्हणून अडलं नाही.

काका अजून खांदा द्यायला जातात. पाळक अजून त्यांचं उदाहरण देतात. लेक दुसऱ्या गावी असते, रविवारी फोन करते.

"बरे आहात ना, पप्पा?"

"बरा आहे. तू कशी आहेस? जावई काय म्हणतात?"

"मजेत. आईला देता?"

काका फोन बायकोच्या हातात देतात. ती तो घेऊन स्वयंपाकघरात जाते, आणि मग बराच वेळ तिचं हसणं ऐकू येतं.